पावसात भिजलं की फ्लू होतो?

प्रश्न : डॉक्टर, माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, फ्लू हा थंडीतला आजार. आमच्याकडे मात्र शाळा सुरू झाल्या की जुलै-ऑगस्टात मुलं तापानं फणफणतात. सासूबाई म्हणतात, भिजून येतात म्हणून. त्यांना स्वतःला शुगर आहे. खरं कोणाचं? (एक वाचक भगिनी, कराड)

उत्तर : भाऊ त्यांच्या गावचं बरोबर सांगताहेत. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी गिनिपिगांचे पिंजरे शेजारी ठेवून पाहिलं. 5 अंशांच्या गार, कोरड्या हवेत एकाचा फ्लू दुसऱ्याला झटकन लागला. 30 अंशांना हवेतून लागलाच नाही. पण त्याच 30 अंशांत दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं, तर लागला! हे दुसरं फारसं कुणी सांगत नाही, आणि आपलं कोडं मला तिथेच सुटताना दिसतं.

माझा दवाखाना पुण्यात, दहा बाय बाराची खोली. एरवी पेशंट बाहेर कट्ट्यावर बसतात. झड लागली की सगळे आत. छत्र्या बादलीत, रेनकोट खुर्च्यांच्या पाठीवर, आणि शिंतोडे येतात म्हणून कुणीतरी उठून खिडकी लावून घेतं. शाळेच्या रिक्षाचंही तेच : पडदे खाली सोडलेले, आत मांडीला मांडी लावून मुलं, त्यातलं एक शिंकतंय. हाच तो पिंजरा. 2009 मध्ये स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी पुण्यातच घेतला, तो ऑगस्टात. आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्येही फ्लू डोकं वर काढतो, पण पावसाळा चुकत नाही.

सासूबाईंना सांगा, विषाणू ढगातून पडत नाही, माणसाकडून माणसाकडे जातो. मुलांची डोकी मात्र त्यांना खुशाल पुसू द्या. माझी आईही पुसायची.

सासूबाईंची लस महत्त्वाची. ऑक्टोबरात लस घ्यायची हे अमेरिकेचं वेळापत्रक, फार तर श्रीनगरला चालेल, कारण तिथला फ्लूही थंडीतलाच. आपण पावसाच्या आधी घ्यायची, दरवर्षी. अंगात ताकद यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून मे महिना बरा. मीही तेव्हाच घेतो. यंदा खिडकीवर पत्र्याची झापही बसवून घेतलीय, आता भर पावसातही ती उघडी राहते.