वाचकांचे प्रश्न : नेपाळच्या डोंगरांत पैसा कुठे मुरतो?

गेल्या अंकात नेपाळच्या पर्वतीय पर्यटनावर लेख प्रसिद्ध झाल्यानंतर बरीच पत्रे आली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आठ हजार मीटरहून उंच असलेल्या जगातील चौदा शिखरांपैकी आठ नेपाळमध्ये किंवा त्याच्या सीमेवर आहेत. साऱ्या जगातून लोक तेथे जातात. मग तेथील तरुण मजुरीसाठी आखातात आणि मलेशियात का जातात? पर्यटनाचा एवढा पैसा जातो तरी कुठे? (एक निवृत्त शिक्षिका, सांगली)

मुळात हा पैसा आपल्याला दुरून वाटतो तेवढा मोठा नाही. २०२४ साली नेपाळमध्ये सुमारे साडेअकरा लाख परदेशी पर्यटक आले, म्हणजे कोरोनापूर्वी २०१९ साली गाठलेला बारा लाखांच्या आसपासचा आकडा तेव्हाही पुरता भरून निघालेला नव्हता. याउलट परदेशी गेलेल्या नेपाळी कामगारांनी घरी पाठवलेली रक्कम देशाच्या सकल उत्पन्नाच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याएवढी असते, आणि पर्यटन त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. शिवाय डोंगरातील हंगाम वर्षातून दोनदाच येतो: मार्च ते मे आणि पावसाळ्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर. उरलेल्या काळात लॉजचा मालक एकतर शेती पाहतो, नाहीतर कुलूप लावून काठमांडूला उतरतो.

तरीही तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर रकमेत नसून तिच्या प्रवासात आहे. पर्यटकाच्या खर्चातील बराच भाग विमान कंपनी, राजधानीतील हॉटेल, एजन्सी आणि आयात केलेला माल यांच्याकडे जातो. ज्या गावातून तो चालतो तेथे राहतो तो भाग लहान असतो. गावातल्या लॉजचा हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे. खोलीचे भाडे नाममात्र असते, पण रात्रीचे आणि सकाळचे जेवण तेथेच घ्यावे, असा संकेत आहे. मालकाची कमाई जेवणावर, गरम पाण्याच्या बादलीवर आणि मोबाइल चार्ज करून देण्यावर चालते. जसजसे वर जावे तसतसा डाळभाताचा भाव चढतो, कारण तांदळाचा प्रत्येक किलो माणसाच्या नाहीतर खेचराच्या पाठीवरून वर गेलेला असतो. हे दर वाटेवरच्या बऱ्याच गावांत लॉजमालकांची समिती ठरवते, म्हणून शेजारच्या दोन लॉजमध्ये सहसा घासाघीस चालत नाही. आपल्याकडचे पर्यटक याला लूट म्हणतात. मला तो या साऱ्या व्यवसायातील सर्वांत शहाणा नियम वाटतो.

हा शहाणपणा आपोआप आलेला नाही. नेपाळने परदेशी गिर्यारोहकांना दारे उघडली आणि १९५० साली फ्रेंच तुकडीने अन्नपूर्णा सर केले. १९६४ साली जिमी रॉबर्ट्स या निवृत्त ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने ट्रेकिंगची पहिली एजन्सी काढली. पुढच्या वीस वर्षांत गर्दी वाढली आणि चुलीच्या लाकडासाठी जंगले तुटू लागली. १९८६ साली घांद्रुक गावातून अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा प्रकल्प सुरू झाला, तो नेहमीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या पद्धतीने नव्हे. गावे हलवली नाहीत, पहारा लष्कराकडे दिला नाही, आणि मुख्य म्हणजे प्रवेशशुल्क सरकारी तिजोरीत न टाकता त्याच क्षेत्रात खर्च करण्याची मुभा मिळाली. वाटा आणि पूल दुरुस्त झाले, अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या वाटेवर लॉजमध्ये लाकूड जाळण्यास बंदी येऊन रॉकेल आणि गॅस आला, आणि गावोगावच्या बायकांच्या ‘आमा समूहां’नी स्वच्छतेची आणि पायवाटांची कामे अंगावर घेतली. आज साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठे असलेले हे क्षेत्र नेपाळमधील सर्वांत मोठे संरक्षित क्षेत्र आहे. पैसा गावाच्या हातात पडला तर गाव जंगल राखते, हे येथे दिसले. अडचण एवढीच की हे चित्र मुख्यतः अन्नपूर्णा, खुंबू (म्हणजे एव्हरेस्टचा परिसर) आणि लांगटांग अशा मोजक्या भागांपुरते आहे. ज्या जिल्ह्यांतून तरुण मोठ्या संख्येने बाहेर पडतात, त्यांतल्या अनेकांना ट्रेकरचे दर्शनही होत नाही.

प्रश्न : एव्हरेस्टचे शुल्क अकरा हजार डॉलरवरून पंधरा हजार झाले आहे. त्यामुळे गर्दी कमी होईल का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

माझ्या मते होणार नाही. वसंतातील चढाईचा हा नवा दर सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि त्याआधीचा दर दहा वर्षे तसाच होता. मोहिमेचा एकूण खर्च या शुल्काच्या कितीतरी पट असतो. जो तेवढा खर्च करू शकतो तो चार हजार डॉलरसाठी मागे फिरत नाही. फिरलाच तर पदरमोड करून आणि देणग्या गोळा करून जाणारा तुमच्यासारखा मराठी गिर्यारोहक फिरेल, कारण या शुल्कात भारतीयांना सवलत नाही. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेच्या २०१२ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी निधी उभारताना किती दारे ठोठवावी लागली असतील याची कल्पना करावी.

गर्दीचे कारण शुल्कात नाही, हवामानात आहे. मे महिन्यात शिखरावरचा जोरदार वारा जेमतेम काही दिवस शांत होतो आणि सगळ्या तुकड्या त्याच दिवसांवर डोळा ठेवून असतात. २०१९ सालच्या रांगेचे जे छायाचित्र जगभर गाजले, त्या वर्षी परवाने ३८१ होते. २०२३ साली ते ४७८ झाले. परवान्यांवर मर्यादा घाला, असे नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली सरकारला सांगितले आहे. सरकारची टाळाटाळ समजण्यासारखी आहे, कारण ४७८ परवान्यांचे जुन्या दरानेही पन्नास लाख डॉलरहून अधिक होतात. कायद्याने या उत्पन्नातला निम्मा वाटा केंद्राकडे राहतो आणि उरलेला प्रांत व स्थानिक पालिका यांच्यात विभागला जातो.

जोखीम मात्र अशी विभागली जात नाही. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरील खुंबू हिमप्रपात या तुटक्या हिमनदीच्या उतारावर हिमकडा कोसळून सोळा जण मेले, ते सगळे नेपाळी कामगार होते. सरकारने सुरुवातीला प्रत्येक कुटुंबाला चाळीस हजार नेपाळी रुपये देऊ केले, म्हणजे आपले पंचवीस हजार. संतापलेल्या शेर्पांनी काम थांबवले, तो हंगाम जवळजवळ बुडाला आणि त्यानंतर विम्याची रक्कम वाढवावी लागली. वाढलेल्या शुल्कातून विमा, बचाव आणि मैला खाली आणण्याची व्यवस्था सुधारली तर वाढ योग्यच म्हणावी लागेल.

प्रश्न : आम्ही मुक्तिनाथला जीपने गेलो आणि दर्शन सुखरूप झाले. तेथे भेटलेले युरोपीय प्रवासी मात्र रस्त्याने सगळे बिघडवले म्हणत होते. खरे काय मानावे? (एक दांपत्य, कोल्हापूर)

दोन्ही खरे आहे. अन्नपूर्णेला वळसा घालणारी पायवाट एकेकाळी जगातील उत्तम पदभ्रमण मार्गांत गणली जाई. पश्चिमेकडून जोमसोम-मुक्तिनाथपर्यंत आणि पूर्वेकडून मनांगपर्यंत जीप जाऊ लागल्यावर धुळीत चालायचे कुणी, म्हणून पुष्कळ ट्रेकर मधले टप्पे गाडीने करू लागले आणि त्या टप्प्यांवरील लॉज ओस पडले. संरक्षण प्रकल्पाने नदीच्या दुसऱ्या काठाने पर्यायी वाटा आखून खुणा केल्या, पण गेलेली गर्दी पुरती परतली नाही.

परंतु त्याच रस्त्यावरच्या मार्फा गावातल्या सफरचंदवाल्याला विचारा. पूर्वी खेचरावर लादून न्यावी लागणारी फळे आता ट्रकने पोखऱ्याला जातात. अडलेली बाळंतीण दवाखान्यात वेळेवर पोहोचते. वाट सुंदर राहावी म्हणून गावाने रस्त्याविना राहावे, अशी अपेक्षा पाहुण्याने धरणे मला पटत नाही. रस्ता कसा काढला, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. डोझर लावून डोंगर कापायचा आणि माती सरळ खाली नदीत लोटायची, ना भिंत ना गटार, ही पद्धत नेपाळात सर्रास आहे आणि दर पावसाळ्यात तिची किंमत दरडींच्या रूपाने मोजावी लागते.

आता थोडे आपल्याबद्दल. आपल्या अनेक देवघरांतील शाळिग्राम मुक्तिनाथच्या वाटेवरील काली गंडकी नदीच्या पात्रातून येतात, म्हणून मराठी भाविकांचा या खोऱ्याशी संबंध जुना आहे. नेपाळला जाणाऱ्या परदेशी पर्यटकांत भारतीयांचाच क्रमांक पहिला आहे. पण आपल्या पुष्कळ यात्रा कंपन्या स्वयंपाकी, शिधा आणि भांडीसुद्धा बरोबर नेतात, आणि दर्शन झाले की त्याच दिवशी खाली उतरतात. साधे वरणभाताचे जेवण मुक्तिनाथच्या वाटेवर जागोजागी मिळते. ते तेथे घेतले तर आपला काही पैसा त्या खोऱ्यात मुरेल.

प्रश्न : सामान उचलणारा हमाल घ्यावा की नाही? माणसाच्या पाठीवर ओझे लादणे मनाला पटत नाही. (एक वाचक, ठाणे)

घ्यावा, आणि नीट घ्यावा. तुमच्या संकोचाने त्याचे पोट भरत नाही. पाठीवर ‘डोको’ ही बांबूची टोपली, तिचा पट्टा म्हणजे ‘नाम्लो’ कपाळावर आणि हातात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची आखूड काठी, असा हा माणूस दिसतो. चढावर थांबला की तो टोपली खाली न ठेवता त्या काठीवर टेकवून उभ्यानेच दम घेतो, कारण एवढे ओझे जमिनीवरून पुन्हा उचलणे अधिक कष्टाचे असते. ट्रेकरच्या हमालासाठी तीस किलोच्या आत ओझे असावे असे सर्वसाधारणपणे मानतात. लॉजचा माल किलोवर वाहणारे मात्र स्वतःच्या वजनाइतकेही उचलतात.

बहुतेकांना ठाऊक नसते की खुंबूतील अनेक हमाल शेर्पा नसतात. ते खालच्या डोंगरांतील राई, तामाङ, मगर समाजांतले असतात आणि विरळ हवेचा त्रास त्यांनाही तुमच्याइतकाच होतो. म्हणून एजन्सीला तीन गोष्टी आधी विचाराव्यात: विमा आहे का, गरम कपडे कोण देणार, आणि तो आजारी पडला तर त्याला एकट्याने खाली पाठवणार का.

प्रश्न : पश्चिमेकडील ९७ शिखरांचे शुल्क नेपाळने माफ केले आहे. याने मागास भाग वर येईल का? (एक गिर्यारोहक, नाशिक)

कर्णाली आणि सुदूरपश्चिम या प्रांतांसाठी २०२५ साली दोन वर्षांची ही माफी जाहीर झाली. हेतू चांगला आहे, पण तेथील अडसर शुल्काचा कधीच नव्हता. सात हजार मीटरहून उंच असलेल्या आपी किंवा सैपालकडे जायचे तर वाटेत लॉज नाहीत, तंबू, शिधा आणि इंधन सगळे बरोबर न्यावे लागते, आणि कुणी आजारी पडले तर हेलिकॉप्टर दुरून बोलवावे लागते. पोहोचायचे कसे, हेही अनिश्चित असते. या भागातील सिमिकोट आणि जुम्ला या गावांची छोटी विमाने बहुतांशी नेपाळगंजहून उडतात आणि ढग आले की अडकतात. शिखर फुकट मिळाले तरी विमानतळावर तीन दिवस बसून राहणे गिऱ्हाइकाला परवडत नाही.

शिवाय शिखरांवर जाणारे मूठभरच असतात. गाव चालते ते पदयात्रींवर. सुमारे तीन हजार मीटर उंचीवरील रारा हा नेपाळचा सर्वांत मोठा तलाव याच भागात आहे, आणि येथलाच डोल्पो हा प्रदेश पर्जन्यछायेत असल्यामुळे तेथे आपल्या पावसाळ्यातही चालता येते, म्हणजे इतर खोरी बंद असताना या भागाला स्वतःचा हंगाम मिळू शकतो. हुम्ला जिल्ह्यातील सिमिकोट-हिल्सा मार्गाने कैलास-मानसरोवरास भारतीय यात्रेकरू वर्षानुवर्षे जात आले आहेत, पण ते हेलिकॉप्टरने उतरतात आणि पुढे निघून जातात. सरकारने दोन वर्षांच्या माफीऐवजी भरवशाची विमानसेवा, दोन-तीन निवडक वाटांवर गावकऱ्यांना घरगुती निवासासाठी स्वस्त कर्ज आणि मनांग किंवा खुंबूतील फेरिचेला आहे तसे एखादे उंचीवरचे उपचार केंद्र, एवढे आधी करावे. प्रवेशशुल्क जरूर ठेवावे. फक्त ते काठमांडूला न पाठवता घांद्रुकप्रमाणे तेथील गावसमितीच्या खात्यात जमा करावे.