नर्सरीतून आणलेल्या जास्वंदीची पानं गच्चीवर ठेवल्यावर पांढरी पडली, झाड वाचेल का?

वाचेल बहुतेक. पण जे डाग कागदासारखे पांढरे, कोरडे झालेत ते परत हिरवे होणार नाहीत, तिथल्या पेशी मेल्यात. नुसता फिकटपणा आलाय तो भाग सावरू शकतो.

आपल्या नाशिकला नर्सरीवाले सगळं हिरव्या शेडनेटखाली वाढवतात आणि तुम्ही ते एप्रिलमध्ये डायरेक्ट गच्चीवर ठेवलंत, त्यात खालून तापलेली फरशी. भर दुपारचं सगळं ऊन पानाला वापरता येत नाही, सावलीत वाढलेल्या पानाला तर फारच थोडं पुरतं, उरलेलं कुठेतरी जिरवावं लागतं. त्यासाठी हरितलवकं (पेशीतले अन्न बनवणारे हिरवे कण) पेशीच्या कडेच्या भिंतींकडे सरकून एकमेकांच्या आडोशाला जातात, आणि झियाझँथिन नावाचं पिवळं रंगद्रव्य काही मिनिटांत वाढतं, त्याच्या मदतीने जादा ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर पडते. एवढं करूनही डी१ नावाचं, ऊन वापरायच्या यंत्रणेतलं एक प्रोटीन खराब होतंच, ते तर निरोगी झाडातही रोज उन्हात होतं, झाड जुनं काढून नवीन बसवत राहतं. खराब होण्याचा स्पीड दुरुस्तीच्या पुढे गेला की मग गडबड, पान फिकट आणि पुढे पांढरं पडतं, आणि वरून ४० डिग्री आणि पाण्याचा ताण असेल तर दुरुस्तीच रखडते.

आता लोक घाबरून झाड घरात अंधाऱ्या कोपऱ्यात नेतात, ते करू नका, कारण ही दुरुस्ती नीट व्हायला थोडा उजेड लागतोच. सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि नंतर सावली राहील अशा जागी ठेवा, मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू ऊन वाढवा. अर्धी हिरवी पानं कापू नका प्लीज, ती अजून अन्न बनवतायत. खत आत्ता अजिबात नको. पाणी माती बघून.

(आपले द्राक्षवाले घडांना पेपर लावतात त्यातही उन्हाचे चट्टे टाळणं हा एक भाग असतोच. आणि उन्हातून सावलीत आल्यावर ही उष्णता फेकण्याची सिस्टीम बंद व्हायला वेळ लागतो, तेवढा वेळ कामाची ऊर्जाही वाया जाते. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी तंबाखूत ती लवकर बंद होईल असे जनुकीय बदल केले तर शेतात झाडांचं वजन साधारण १५ टक्के जास्त भरलं. भारीच आहे हे.)

जुनी पानं पूर्ण उन्हाची होत नाहीत, नवीन येतील ती जरा जाड आणि लहान असतील, तो रोग समजू नका. महिन्याभरात फुटवा नाहीच आला तर फांदी नखाने खरवडून बघा, आत हिरवं असेल तर थांबा, कोरडं तपकिरी असेल तर हिरवं लागेपर्यंत तेवढी छाटा.