सोवळं, विटाळ, सुतक आणि जेरुसलेमचा याजक

प्रश्न असा आला आहे: जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरावरच्या मराठी लेखात मी 'याजक सोवळ्यात असे' असं लिहिलं होतं. तपासणाऱ्याने 'सोवळ्यात' खोडून 'पवित्र अवस्थेत' केलं. पुढे 'याजकाला सुतक चालत नसे' असं एक वाक्य होतं, ते मात्र तसंच ठेवलं. ज्यूंच्या याजकाला सोवळं म्हणावं की नाही?

माझ्या मते खोडला तो शब्द बराचसा बरा होता, त्याच्या जागी आला तो वाईट, आणि ठेवला तो साफ चूक. उलट्या क्रमाने घेऊ, कारण सुतकाचा निकाल लवकर लागतो.

सुतक नात्याने लागतं. भाऊबंद अमेरिकेत वारला आणि बातमी चार दिवसांनी कळली, तरी सुतक आहेच. शेजारच्या परक्या माणसाला खांदा देऊन आलात तर आंघोळ केली की मोकळे. हिब्रू व्यवस्थेत हे नेमकं उलटं आहे. तिथे प्रेताची 'तुमा', म्हणजे अशुद्धता, स्पर्शाने लागते, किंवा प्रेत ज्या छपराखाली आहे त्याच छपराखाली गेल्याने लागते. मेलेला कोण लागतो हा प्रश्नच नाही. मुदत 7 दिवसांची, आणि तिसऱ्या व सातव्या दिवशी लाल कालवडीच्या राखेचं पाणी शिंपडून घ्यायचं. (गंमत म्हणजे ती राख तयार करणारा माणूस ते काम करताना स्वतः संध्याकाळपर्यंत अशुद्ध होतो. यावर ज्यू पंडितांनी शतकानुशतकं डोकं खाजवलं आहे.) ज्यूंच्या शोकाचे 7 दिवस वेगळे, त्यांचा हिशेब वेगळा. आकडा जुळतो म्हणून दोन्ही एक समजू नयेत.

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 21व्या अध्यायातला नियम सांगतो की कोहेनने, म्हणजे पहिला याजक अहरोन याच्या वंशातल्या याजकाने, मेलेल्यांमुळे स्वतःला अशुद्ध होऊ देऊ नये. अपवाद आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ आणि लग्न न झालेली बहीण यांचा. परंपरा यात बायकोही धरते. मुख्य याजकाला तर आईवडिलांचीही सूट नाही. म्हणजे आपल्याकडे नातं सुतक लावतं, तिथे नातं प्रेताजवळ जायची परवानगी देतं. 'सुतक चालत नसे' हे वाक्य म्हणूनच जाऊ द्या. 'प्रेताचा विटाळ होऊ देत नसे' असं लिहा. आणि जागा असली तर मिश्नातला, म्हणजे ज्यू पंडितांच्या जुन्या नियमसंग्रहातला, एक अपवादही घाला: वाटेत बेवारस प्रेत दिसलं आणि पुरायला दुसरं कोणी नसलं, तर जो स्वतःच्या बापाच्या प्रेताजवळ जाऊ शकत नाही त्या मुख्य याजकानेही ते पुरावं.

आता 'पवित्र'. हिब्रूत इथे दोन जोड्या आहेत आणि लेवीय 10:10 त्या एका ओळीत ठेवतं. एक जोडी कोदेश आणि होल (हा 'ह' घशातून काढायचा, तरी 'ख' नको, नाहीतर 'खोल' होईल). कोदेश म्हणजे देवाचं म्हणून वेगळं काढलेलं, होल म्हणजे रोजचं, साधं. दुसरी जोडी ताहोर आणि तामे, शुद्ध आणि अशुद्ध. घरातली रोजची भाकरी होल असते पण ताहोर असू शकते, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. 'पवित्र' हा शब्द कोदेशसाठी लागतो. तोच ताहोरसाठी खर्च केला की पुढे कोदेश आलं तर काय करणार? शिवाय मराठीत 'पवित्र नाही' म्हटलं की लगेच 'अपवित्र' ऐकू येतं, आणि बिचाऱ्या होलवर नसलेला कलंक बसतो.

ताहोरला 'शुद्ध' चांगला बसतो. मराठी बायबलही शुद्ध-अशुद्धच वापरतं. मला तो आवडतो तो सोन्यामुळे. कराराच्या कोशाला, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीला, मढवलेलं सोनं हिब्रूत 'ताहोर' आहे आणि आपल्याकडेही सोनं शुद्धच असतं. एकाच शब्दाने माणूस आणि धातू दोन्ही तोलता येणं ही भाषांतरकाराला क्वचित मिळणारी चैन आहे.

मग सोवळं कुठे बसतं? आधी आपलाच शब्द नीट पाहू. माझी आजी आंघोळ करून धाबळी नेसली की सोवळ्यात जायची. तोपर्यंत ती ओवळ्यात असायची, म्हणजे काही अस्वच्छ नव्हे. धुऊन इस्त्री केलेला सुती सदराही ओवळाच. काठीने उचलून, कुणाचा हात पोचणार नाही अशा दांडीवर वाळवलेलं पातळ मात्र सोवळ्याचं. ओवळं ही नेहमीची स्थिती आहे, तो दोष नाही. दोष लागतो तो विटाळाने. म्हणजे मराठीत पायऱ्या तीन: सोवळं, ओवळं आणि विटाळलेलं. आपण 'सोवळं-ओवळं' जोडीने म्हणतो म्हणून ओवळं म्हणजे तामे असं वाटतं, पण ते होलच्या जास्त जवळ आहे. तामेची जागा विटाळाची.

सामान्य यहुदी माणूस काही बिघडेपर्यंत ताहोर असतो. बिघडलं की उतरतो, पाण्यात बुडी मारून आणि सूर्यास्ताची वाट पाहून परत वर येतो. आपण मात्र मुळात ओवळे आणि मुद्दाम सोवळ्यात चढणारे. म्हणून सामान्य माणसाच्या ताहोर असण्याला सोवळं म्हणू नये. पण सेवेला निघालेल्या याजकाची गोष्ट वेगळी. मिश्नाच्या योमा प्रकरणात नियम आहे की शुद्ध असलेल्या माणसानेही बुडी मारल्याशिवाय सेवेसाठी अंगणात पाऊल टाकू नये. शुद्ध आहे पण बुडी झालेली नाही, अशा माणसाला आपल्याकडे 'पारोसा' हा नेमका शब्द आहे! बुडीनंतर पितळी गंगाळावर हात आणि पाय धुवायचे. बायबलच्या निर्गम या पुस्तकात याची शिक्षा स्पष्ट आहे: न धुता गेलात तर मराल. मग सेवेची वस्त्रं आणि अनवाणी पाय. मुद्दाम चढून जाण्याची ही अवस्था आहे, इथे 'सोवळ्यात' लिहायला माझी हरकत नाही.

वर्षातून एकदा तर कडक सोवळं. योम किप्पुरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, 7 दिवस आधी मुख्य याजकाला घरातून काढून मंदिरातल्या एका दालनात ठेवत. ऐनवेळी तो अशुद्ध झालाच तर दुसरा याजक तयार असे. रब्बी यहूदा म्हणाले, त्याच्यासाठी दुसरी बायकोही तयार ठेवा, पहिली मेली तर? कारण त्याने 'स्वतःच्या घरासाठी' प्रायश्चित्त करायचं असतं आणि घर म्हणजे बायको. बाकीचे म्हणाले, असं म्हटलं तर याला अंतच नाही. आदल्या रात्री त्याला पोटभर जेवू देत नसत आणि झोपूही देत नसत, कारण झोपेत वीर्यस्खलन झालं तर तो तामे. डुलकी लागली की तरुण याजक चुटक्या वाजवून उठवत आणि गार फरशीवर उभं राहायला सांगत. ही काळजी उगाच नव्हती. मत्तथिया नावाच्या मुख्य याजकाला आदल्या रात्री पत्नीसंगाचं स्वप्न पडलं आणि त्या दिवसापुरता त्याचा नातेवाईक योसेफ सेवेला उभा राहिला, असं इतिहासकार जोसेफसने नोंदवलं आहे. खुद्द त्या दिवशी 5 बुड्या आणि 10 वेळा हातपाय धुणं.

इथपर्यंत सोवळं छान चाललं. अडतं ते कापडाशी. आपलं सोवळं रेशमाचं किंवा लोकरीचं: मुकटा, कद, धाबळी. बायबलमधल्या यहेज्केल या पुस्तकाचा 44वा अध्याय याजकाला आतल्या अंगणात लोकर अंगावर घेऊ देत नाही. तागाचं वस्त्रच हवं, घाम येईल असं काही नको. आणि पुढची ओळ आपल्याला फारच परकी आहे. सेवा संपली की ती वस्त्रं आतच उतरवून ठेवायची, कारण ती घालून बाहेर लोकांत गेलं तर पावित्र्य लोकांना लागेल! आजी ओरडायची ती 'शिवू नकोस, मी सोवळ्यात आहे' असं, म्हणजे भीती ओवळ्याच्या स्पर्शाची. इथे संसर्ग पावित्र्याचाही होतो. मराठी 'सोवळं' कुणाला लागत नाही, ते फक्त मोडतं. ओवळं आतल्या दिशेने येतं एवढंच आपल्या शब्दाला ठाऊक आहे.

याच धाग्यावरचं मिश्नातलं एक वचन भाषांतरात हमखास फसतं: 'पवित्र ग्रंथ हात अशुद्ध करतात'. वाचक म्हणेल छपाईची चूक आहे. चूक नाही. ज्यूंमधल्या सदुकी पंथाचे लोकही चिडून म्हणाले होते की ग्रीक कवी होमरच्या पुस्तकांनी हात विटाळत नाहीत आणि पवित्र ग्रंथांनी विटाळतात, हा काय न्याय? ज्यू पंडित योहानान बेन झक्कईंचं उत्तर असं: गाढवाची हाडं शुद्ध आणि मुख्य याजक योहानानची हाडं अशुद्ध, हे तर तुम्हालाही मान्य आहे. सदुकी म्हणाले, जितका जिव्हाळा तितका विटाळ, नाहीतर माणसं आईबापांच्या हाडांचे चमचे करतील. योहानान म्हणाले, मग पवित्र ग्रंथांचंही तसंच. मी इथे 'विटाळ' वापरला तो जाणूनबुजून. 'जितका जिव्हाळा तितकी अशुद्धता' म्हणून पाहा, वाक्याचा जीव जातो.

पण विटाळ हा शब्द निष्पापही नाही. मराठीत तो जन्माने चिकटवला गेला आहे, आणि चोखोबा-सोयराबाईंनी त्याला विचारलेले प्रश्न अजून त्याच्या अंगावर आहेत. हिब्रू तुमा माणसाच्या जन्माला लागत नाही. याजक, राजा, शेतकरी सगळे तामे होतात आणि सगळे परत येतात. जन्म तिथे याजकपद देतो, हे खरं. शरीरात व्यंग असलेल्या कोहेनला वेदीवर सेवा नसे, हेही खरं. पण तो तामे नव्हे. याजकांच्या वाट्याचं अन्न तो खाई, आणि अशा याजकांना लाकडांच्या दालनात बसून वेदीसाठीची किडकी लाकडं निवडून बाजूला काढण्याचं काम असे. म्हणून 'विटाळ' क्रियेसाठी वापरावा (विटाळला, विटाळतो), माणसाची जात सांगायला नाही.

'सोवळी'बद्दल मात्र सावध. मुख्य याजकाने विधवा किंवा घटस्फोटिता करू नये, कुमारिकाच करावी, असा नियम आहे. उत्साहाच्या भरात 'त्याची बायको सोवळी असावी' असं लिहाल, तर जुन्या मराठीत त्याचा अर्थ केशवपन केलेली विधवा असा होईल. नेमकी जी चालत नाही तीच.

एका शब्दाला मात्र मला मराठी सापडत नाही: 'तेवूल योम'. बुडी झाली, पण दिवस मावळायचा आहे, असा माणूस. कोहेन असेल तर तोपर्यंत त्याला तेरुमा, म्हणजे धान्य, तेल, द्राक्षारस यांतला याजकांचा वाटा, खाता येत नाही. मिश्नाचं पहिलंच वाक्य याच्याशी बांधलेलं आहे: संध्याकाळची प्रार्थना कधीपासून म्हणावी? याजक आपला तेरुमा खायला घरात शिरतात त्या वेळेपासून. मी 'दिवस मावळायची वाट पाहणारा' असं लांबलचक लिहितो.

शेवटी, ज्यांनी हे सगळं मराठीत जगून पाहिलं असतं ते कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्रायल. त्यांच्यात परंपरेने कोहेन घराणी नव्हती, धर्मकार्याला काजी असत. त्यामुळे याजकाच्या सोवळ्याला घरगुती मराठी शब्द त्यांच्याकडून मिळण्यासारखा नाही. पण मुख्य याजकाच्या त्या 5 बुड्यांच्या दिवसाला, योम किप्पुरला, त्यांचं मराठी नाव आहे: दारफाळणीचा सण. दारं लावून घरात बसण्याचा दिवस. तुमच्या लेखात योम किप्पुर आला असेल तर हे नाव कंसात नक्की द्या, आणि ते तपासणाऱ्याला खोडू देऊ नका.