दहा माद्यांना एक नर पुरतो, मग पपईत निम्मी झाडं नर का निघतात?

कारण निसर्गाची निवड बागेचा फायदा बघत नाही. प्रत्येक बीला एक आई नि एक बाप लागतोच. नर कमी झाले की एकेका नराच्या वाट्याला जास्त बिया येतात, म्हणून नर जास्त देणारी झाडं पुढे सरकतात. नर वाढले की उलटं. तोल १:१ वर येतो (जीवशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर, १९३०). उंबरातल्या चिलटांचं (खरं तर बारीक गांधीलमाश्यांचं) वेगळं: एकाच मादीची पिल्लं फळात आपसांत जुगतात तेव्हा नर मोजकेच पुरतात.

तासगाव-मिरजेकडे नर-मादी वेगळं असलेलं वाण लावताना खड्ड्यात ३ रोपं ठेवा. तिन्ही नर निघायची शक्यता १/८. चार ठेवली तर १/१६. लांब लोंबत्या तुऱ्यावर फुलं आली की तो नर. दहाला एक राखून बाकीचे काढा. तैवान ७८६ या वाणात हा खटाटोप नाही, त्यात मादी नि उभयलिंगीच झाडं येतात.