प्रॉडक्शनमध्ये जावा ॲप्लिकेशनचा लॉग डीबगवर ठेवला तर काय बिघडतं? आणि लॉग नेमका कुठे पाठवावा?

तुम्ही लिहिलंय की सॉफ्टवेअर बर्फाच्या कारखान्यातल्या एका छोट्या मशीनवर चालतं, सिनियर म्हणतात "सगळं डीबगवर ठेव, डिस्क स्वस्त आहे", आणि तुम्हाला ते पटत नाही. तुमचंच बरोबर आहे. रूट, म्हणजे सगळ्या कोडला लागू होणारा मुख्य लॉगर, इन्फोवर ठेवा, म्हणजे डीबगचे बारीकसारीक तपशील लिहिलेच जात नाहीत. ज्या भागावर संशय आहे तेवढाच लॉगर डीबगवर न्या, तोही काम होईपर्यंत. उत्तर एवढंच आहे. पण "डिस्क स्वस्त आहे" या वाक्यापायी कोकणातल्या एका बंदरावरचा अख्खा लिलाव अडकलेला मी पाहिलाय, म्हणून हिशेबासकट लिहितो.

जेटीवर सहा इलेक्ट्रॉनिक काटे होते. प्रत्येक काटा सिरियल केबलवरून सेकंदाला दहा वेळा वजन पाठवायचा, वर क्रेट असो वा नसो. प्रत्येक वजनामागे डीबगच्या तीन ओळी पडायच्या: आलेले कच्चे बाइट, त्यातून काढलेला आकडा, आणि तो आधीच्याइतकाच असल्याने सोडून दिल्याची नोंद. म्हणजे सेकंदाला १८० ओळी. वेळ, थ्रेडचं नाव आणि क्लासचं लांबलचक नाव धरून एक ओळ साधारण १७० बाइटची. सेकंदाला ३० केबी, दिवसाला अडीच जीबीच्या वर. मशीनवर मोकळी जागा ४० जीबी. ती पंधरा दिवस पुरली. सोळाव्या दिवशी पहाटे, नौका लागत असतानाच डिस्क भरली. डेटाबेस त्याच पार्टिशनवर होता, त्याला लिहायला जागा उरली नाही आणि पावत्या निघायच्या थांबल्या. खलाशी क्रेट घेऊन रांगेत, मासळी उघड्यावर, बर्फ वितळतोय.

आणि मर्यादा लावलेली नव्हती असं नाही. लॉगबॅकमध्ये, म्हणजे लॉग लिहिणाऱ्या जावा लायब्ररीत, रोज नवी फाईल काढणारी टाइमबेस्ड रोलिंग पॉलिसी होती आणि मॅक्सहिस्टरी ३० होतं. ते बघून सगळे निर्धास्त होते. पण ३० हे दिवस आहेत, जीबी नाहीत. त्या वेगाने तीस दिवसांना ८० जीबी लागले असते. जुनी फाईल पुसायची वेळ यायच्या कितीतरी आधी डिस्क संपणारच होती.

म्हणून मर्यादा आकाराची लावा. साईज-अँड-टाइम-बेस्ड रोलिंग पॉलिसी घ्या, मॅक्सफाईलसाईज २० एमबी, मॅक्सहिस्टरी ३०, टोटलसाईजकॅप २ जीबी. फाईलच्या नावाच्या पॅटर्नमध्ये तारखेच्या टोकनबरोबर टक्का-आय (%i, म्हणजे फाईलचा अनुक्रमांक) हवाच. तो विसरलात तर लॉगबॅक सुरुवातीलाच एरर दाखवतं, ती पॉलिसी चालू होत नाही आणि फाईलमध्ये एक ओळही पडत नाही. टोटलसाईजकॅप एकटं काम करत नाही, त्याला मॅक्सहिस्टरी सोबत लागतं. शिवाय ते फक्त जुन्या, फिरवून ठेवलेल्या फाईलींना लागू होतं, चालू फाईल त्याच्या बाहेर असते. नावाच्या शेवटी डॉट जीझेड लावलंत की जुन्या फाईली आपोआप दाबल्या जातात. लॉगचा मजकूर पुन्हापुन्हा तोच असल्याने त्या बऱ्याच लहान होतात.

एक बारकावा आपल्याकडे विशेष जाणवतो. लॉगबॅक फाईल फिरवतं ती घड्याळ बघून नाही, पुढची ओळ आली की. जुन्या फाईली पुसल्या जातात त्याही फाईल फिरतानाच. जून-जुलैत मासेमारी बंद, काटे बंद, एकही ओळ येत नाही, मग फाईल फिरतही नाही आणि पुसलीही जात नाही. ऑगस्टमध्ये मेच्या तारखांच्या फाईली तशाच दिसल्या तर घाबरू नका. मशीन रोज तासाभरासाठीच चालू होत असेल तर क्लीनहिस्टरीऑनस्टार्ट ट्रू करा, नाहीतर पुसायची वेळ कदाचित कधी येणारच नाही.

डिस्क भरली तेव्हा लॉगबॅकने ॲप्लिकेशन पाडलं नाही. ते फाईल पुन्हा उघडायचा प्रयत्न करत राहिलं आणि मधल्या ओळी गेल्या. म्हणजे ज्या दोन तासांचा लॉग हवा होता नेमका तोच नाही. ॲप्लिकेशन चालू असताना येणाऱ्या लॉगबॅकच्या स्वतःच्या तक्रारी एरवी कुठे दिसत नाहीत, म्हणून कॉन्फिगरेशनमध्ये ऑनकन्सोलस्टेटसलिसनर जोडून ठेवा. एका ओळीचं काम आहे.

त्यानंतर जे केलं गेलं तेही तितकंच चुकीचं होतं: रूट थेट एररवर. महिनाभर लॉग स्वच्छ. पण खाऱ्या हवेने चार नंबरच्या काट्याच्या नऊ पिनी कनेक्टरला गंज धरला होता आणि तो काटा मधूनमधून वजनच पाठवत नव्हता. कोडमध्ये त्याची नोंद वॉर्नने व्हायची, एररवर ती दिसणार कशी? तांडेल म्हणत होते काटा अडकतो, ऑफिस म्हणत होतं लॉगमध्ये काही नाही.

लेव्हल ठरवताना मी पाहतो की ती ओळ वाचून कोणी काय करायचं. एरर म्हणजे कोणीतरी आत्ता उठून जायचं: डेटाबेस लिहीत नाही, प्रिंटर मेला. वॉर्न म्हणजे पुढच्या लिलावाआधी बघायचं: काट्याकडून पाच सेकंद काही आलं नाही, पुन्हा जोडला. इन्फो म्हणजे धंद्यातली एक घटना, एक ओळ: अमुक काट्यावर क्रेट तोलला, पावती निघाली. दर वजनाची नोंद डीबग, कच्चे बाइट ट्रेस. त्या कोडमध्ये कच्चे बाइट डीबगवर होते हीच मूळ चूक. लेव्हल कोड लिहितानाच चुकली तर कॉन्फिगरेशन कितीही फिरवा, उपयोग नाही.

एक ओळ दिसायला तिला दोन दारं ओलांडावी लागतात, लॉगरचं आणि ॲपेंडरचं, म्हणजे ओळ फाईलला किंवा कन्सोलला पोचवणाऱ्याचं. जावासोबत येणाऱ्या लॉगिंगमध्ये, म्हणजे जावा डॉट युटिल डॉट लॉगिंगमध्ये, नवखे हमखास इथेच अडकतात. लॉगर फाईनवर (तिथलं डीबग) नेला तरी काही दिसत नाही, कारण कन्सोलहँडलरची (ॲपेंडरला तिथे हँडलर म्हणतात) स्वतःची लेव्हल इन्फो असते. दोन्हीकडे बदला. तो हँडलर स्टँडर्ड एररवर लिहितो, त्यामुळे नुसतं स्टँडर्ड आउटपुट फाईलकडे वळवलं तर फाईल रिकामी राहते. फाईलहँडलर मुळात एक्सएमएलमध्ये लिहितो, सिंपलफॉर्मॅटर सांगावा लागतो. फोल्डर नसेल तर तो बनवत नाही, एक्सेप्शन टाकतो. आणि कोडमधून लेव्हल लावत असाल तर तो लॉगर स्टॅटिक फील्डमध्ये धरून ठेवा. लॉगमॅनेजरकडे त्याचा वीक रेफरन्सच असतो, मेमरीतला कचरा गोळा होताना (गार्बेज कलेक्शन) लॉगर गेला की लावलेली लेव्हलही जाते. "कालपर्यंत दिसत होतं" या तक्रारीमागे बरेचदा हेच निघतं.

एकाच पॅकेजला वेगळा ॲपेंडर दिला की ओळी दोनदा पडायला लागतात. त्या लॉगरवर ॲडिटिव्हिटी फॉल्स करा, म्हणजे त्याच्या ओळी वरच्या लॉगरच्या ॲपेंडरकडे जात नाहीत. कॉन्फिगरेशनची फाईल सापडलीच नाही तर लॉगबॅक सगळं डीबगवर कन्सोलला ओततं आणि लॉगफोरजे २ ही तशीच दुसरी लायब्ररी फक्त एरर दाखवते. ओळींचा पूर आला किंवा एकदम शांतता पसरली तर आधी फाईल क्लासपाथवर, म्हणजे जावा शोधते त्या जागी, आहे का ते बघा. एसएलएफफोरजे (कोड आणि लॉग लायब्ररी यांच्यामधला सामाईक दुवा) २.० सोबत जुनं लॉगबॅक १.२ ठेवलंत तर सुरुवातीला "प्रोव्हायडर सापडला नाही" अशी इशारावजा ओळ येते आणि पुढे पूर्ण सामसूम. लॉगबॅक १.३ किंवा पुढचं घ्या. लॉगफोरजे २ वापरत असाल तर २.१७.१ च्या खालची आवृत्ती ठेवूच नका. डिसेंबर २०२१ चा लॉगफोरशेल, दुरून मशीनवर कोड चालवू देणारी ती त्रुटी, तुम्हाला ठाऊक असेलच.

आता लॉग कुठे पाठवायचा. एकटं मशीन आणि बेभरवशाचं नेट असेल तर फाईल, आणि ती डेटाबेसच्या पार्टिशनवर नाही. वेगळं ५ जीबीचं पार्टिशन पुरे, भरलं तरी लिलाव चालू राहतो. नेटवरून दूरच्या सर्व्हरला पाठवायचा असेल तर फाईलच्या जोडीने पाठवा, फाईलच्या ऐवजी नाही. पोच न मागणाऱ्या यूडीपीवरून लॉग पाठवणाऱ्या सिसलॉगला लाईन तुटली हे कळतसुद्धा नाही, ओळी मुकाट्याने जातात. सिस्टमडीखाली (लिनक्सवर सेवा चालवणारी व्यवस्था) कन्सोलवर लिहिलंत तर सगळं जर्नलमध्ये जातं. त्याला वेगाची मर्यादा असते, मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंदांत १०,००० ओळी. त्यापुढच्या गळतात.

लाईट जाण्याचा विचार पावसाळ्याआधीच करा. इमिजिएटफ्लश, म्हणजे प्रत्येक ओळ लगेच पुढे ढकलणं, मुळात ट्रू असतं. वेग वाढवायला कोणी ते फॉल्स केलं असेल तर लाईट गेल्यावर बफरमधल्या शेवटच्या ओळी जातात, आणि आपल्याला हव्या असतात त्याच त्या. ट्रू असलं तरी ओळ ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंतच पोचते, डिस्कवर उतरायला आणखी क्षण लागतो. म्हणून यूपीएस हवाच. असिंकॲपेंडरची, म्हणजे ओळी रांगेत ठेवून मागाहून लिहिणाऱ्या ॲपेंडरची, रांग मुळात २५६ ओळींची. ती ८० टक्के भरली की ट्रेस, डीबग आणि इन्फो टाकून दिले जातात. इन्फोला पावत्या असतील तर डिस्कार्डिंगथ्रेशोल्ड शून्य करा, आणि ॲप्लिकेशन बंद होताना रांग रिकामी व्हावी म्हणून शटडाऊनहूक लावा.

आणि हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा. डीबग उतरवायला निघालो तेव्हा मला सुनावण्यात आलं की लॉग कमी करणं म्हणजे पुरावा दडवणं, उद्या तांडेलाने वजनावर वाद घातला तर दाखवणार काय? वादाचा धोका खरा आहे. क्रेटमागे अर्धा किलो इकडेतिकडे झाला तर माणसाची रात्रभराची मेहनत कापली जाते. पण म्हणूनच वजनाचा पुरावा डीबगच्या फाईलमध्ये नसतो. ती फाईल फिरते, पुसली जाते, गर्दीत तिच्यातल्या ओळी गळतात, कोणीही एडिटरमध्ये उघडून बदलू शकतो. पुरावा डेटाबेसच्या टेबलात हवा: काटा क्रमांक, एकूण वजन, रिकाम्या क्रेटचं वजन, वेळ, पावती क्रमांक. तो पावतीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायचा. ती नोंद झाली नाही तर पावतीही निघता कामा नये. त्याची प्रत फाईलमध्ये हवीच असेल तर वेगळ्या नावाचा लॉगर, वेगळी फाईल, ॲडिटिव्हिटी फॉल्स, आणि तिला रूटच्या लेव्हलशी बांधू नका. तुमच्या सिनियरनी हाच मुद्दा काढला तर हेच सांगा.

डीबगने उलट जे दिसू नये ते दिसतं. अपाचीच्या एचटीटीपी क्लायंटचा वायर नावाचा लॉगर डीबगवर आला की पाठवलेला प्रत्येक बाइट छापतो. त्यात खाते क्रमांक, आधार क्रमांक, टोकन, सगळं आलं. रूट डीबगवर नेलात की हाही आपोआप डीबगवर जातो. तो वॉर्नवर वेगळा लिहून ठेवा.

डीबग लागतच नाही असं मी म्हणत नाही. नवा काटा जोडला की पहिला आठवडा त्या एकाच पॅकेजचा लॉगर डीबगवर ठेवाच. त्यासाठी ॲप्लिकेशन बंद करावं लागत नाही. लॉगबॅकच्या कॉन्फिगरेशनला स्कॅन ट्रू आणि स्कॅनपिरियड ३० सेकंद द्या, लॉगफोरजे २ असेल तर मॉनिटरइंटर्व्हल ३०. फाईल सेव्ह केली की अर्ध्या मिनिटात बदल लागू होतो. स्प्रिंग बूट असेल तर ॲक्च्युएटरच्या लॉगर्स एंडपॉइंटवरून लेव्हल बदलता येते, पण तो एंडपॉइंट पासवर्डशिवाय उघडा टाकू नका. स्प्रिंग बूट मुळात फाईलमध्ये लिहीतच नाही, फाईलचं नाव द्यावं लागतं. मग १० एमबीला फाईल फिरते आणि ७ दिवस राहते, एकूण आकाराची मर्यादा मात्र तुम्हालाच लावावी लागते. आणि डॉकरमध्ये चालवत असाल तर फाईलचं वरचं सगळं सोडा, कन्सोलवरच लिहा. फक्त जेसन-फाईल ड्रायव्हरला मॅक्स-साईज द्या, नाहीतर तिथेही हीच कथा.

सीझन सुरू व्हायच्या आधी एक चाचणी करा. २०० एमबीचं पार्टिशन बनवा, चाचणीपुरतं डॉट जीझेड काढा, मॅक्सफाईलसाईज ५ एमबी आणि टोटलसाईजकॅप ५० एमबी करा, काट्यांचा लॉगर डीबगवर न्या आणि दोन तास चालू द्या. वरच्या वेगाने २०० एमबीच्या पुढे लिहिलं जाईल. फोल्डर ५५ ते ६० एमबीच्या आसपास थांबलेलं दिसलं तर कॉन्फिगरेशन बरोबर. काहीच लिहिलं गेलं नाही तर टक्का-आय बघा, वाढतच राहिलं तर मॅक्सहिस्टरी.