'वाढला' लिहिताना आकड्यामागचा प्रत्यय आधी बघा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. 'टक्क्यांनी वाढला' आणि 'टक्क्यांवर गेला' यांत बातमीत खरंच फरक पडतो का? आणि 'पाणीपट्टीत 15 टक्के वाढ करण्यात आली' हे तुमचं वाक्य चालेल का?

फरक पडतो, आणि फार पडतो. डेस्कवर बरीच वर्षं रात्रपाळी केल्यावर सांगतो, 'वाढणे'च्या बहुतेक चुका आकड्याला चिकटलेल्या 'नी' आणि 'वर'मध्ये असतात. 4 मे 2022 ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर) 4 टक्क्यांवरून 4.40 टक्क्यांवर नेला. हीच बातमी 'रेपो दर 4.40 टक्क्यांनी वाढला' अशी लिहिली, की दर 8.40 टक्के झाला! 'रेपो दरात 10 टक्के वाढ' हे हिशेबाने बरोबर आहे, कारण 4 चे 10 टक्के 0.40च होतात; पण गृहकर्ज डोक्यावर असलेल्या माणसाच्या काळजाचा ते वाचून ठोका चुकेल. त्यामुळे 'रेपो दर 0.40 टक्क्याने वाढून 4.40 टक्क्यांवर' असं दोन्ही आकडे देऊन लिहावं. शब्द जास्त जातात, जाऊ देत.

पावसाळ्यात तर हा प्रत्यय जिवाशी येतो. समजा धरणातून 15 हजार क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी सुटतंय आणि विसर्ग आणखी 10 हजारांनी वाढवला. घाईत कुणी 'विसर्ग 10 हजार क्युसेकपर्यंत वाढवला' असं टाकलं, तर नदीकाठच्या वस्तीला वाटेल पाणी ओसरतंय. प्रत्यक्षात 25 हजार क्युसेक येत असतं. अशा बातमीत मी 'विसर्ग आता 25 हजार क्युसेक, आधी 15 हजार' एवढंच लिहितो. तिथे क्रियापद नसलं तरी चालतं.

दुसरी गोष्ट, वाढ कशाच्या तुलनेत? एप्रिल-जून 2021 मध्ये जीडीपी, म्हणजे देशाचं एकूण उत्पादन, 20.1 टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं, तेव्हा 'विक्रमी वाढ' हा मथळा सुचणं साहजिक होतं. पण आदल्या वर्षी त्याच तिमाहीत टाळेबंदीमुळे तो 24.4 टक्क्यांनी घसरला होता. 100 चे 75.6 झाले, त्यावर 20.1 टक्के चढले, म्हणजे 90.8 च्या आसपास. दोन वर्षांपूर्वीची पातळी अजून गाठायचीच होती. ही ओळ पहिल्या परिच्छेदात यायला हवी, शेवटच्या नव्हे. तसंच महागाईचं. 'महागाईचा दर घटला' याचा अर्थ भाव उतरले असा होत नाही. ते चढतच असतात, फक्त वेग कमी झालेला असतो.

आता 'वाढ करण्यात आली'. व्याकरणाने ते शुद्ध आहे, पण मला ते खटकतं, कारण करणारा दिसेनासा होतो. टोमॅटोचे भाव वाढतात, धरणाचा साठा वाढतो, उकाडा वाढतो. पाणीपट्टी आपोआप वाढत नाही, कुणीतरी ठराव करून ती वाढवतं. मराठीत 'वाढणे' आणि 'वाढवणे' अशी दोन क्रियापदं आयती हाताशी आहेत, तर हा भेद वापरा.

मृतांच्या बातमीत 'मृतांची संख्या वाढली' मी टाळतो; 'मृतांची संख्या 12 वर' पुरेसं आहे. आणि 'नारळ वाढवून शुभारंभ' कापून 'नारळ फोडून' करू नका. शुभकार्यात फोडणं म्हणायचं नाही म्हणून आपल्याकडे नारळ वाढवतात. बांगडीही वाढते. वाचकाला तो अर्थ घरूनच ठाऊक असतो.

तुमचं वाक्य मी असं करीन: 'महापालिकेने पाणीपट्टी 15 टक्क्यांनी वाढवली, वर्षाला 2,000 रुपये भरणाऱ्या घराला आता 2,300 रुपये भरावे लागतील.'