पहिली नाईट ड्युटी लागलेल्या नर्स पोरीला

अगं, पहिले सहा महिने हात थरथरतोच. माझाही थरथरायचा. सांगलीत पहिल्याच नाईटला मी सलाईनचा वेग अंदाजानं लावला आणि आठ तासांची बाटली तीन तासांत रिकामी! पेशंट धडधाकट होता म्हणून निभावलं. तेव्हा आधी सेटचं, म्हणजे सलाईनच्या नळीचं, पाकीट वाच. २० थेंबांना १ मिली असेल, तर ५०० मिली ८ तासांत द्यायला मिनिटाला साधारण २१ थेंब. मायक्रोड्रिप, म्हणजे बारीक थेंबांचा सेट, असेल तर ६० थेंबांना १ मिली. सेकंदकाटा बघत पूर्ण मिनिट मोज.

पोटॅशियम क्लोराईड थेट शिरेत कधीच ढकलायचं नाही, कुणी कितीही घाई करू दे. डॉक्टरांची फोनवरची ऑर्डर लिहून घे, परत वाचून दाखव. हँडओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती, खाटेपाशीच घे, टेबलावर चहा पीत नको.

शीर दोनदा सापडली नाही तर थांब, इन्चार्ज सिस्टरना हाक मार. त्या ओरडतील. ओरडू देत. जत-आटपाडीकडच्या आजी "हळू टोच गं बाई" म्हणतात ना, त्यांच्याशी आधी दोन शब्द बोल. त्यांनी हात सैल सोडला की निम्मं काम तिथंच होतं.

डबा मात्र दहाच्या आत खा, नंतर वेळ मिळत नाही.